लोकरीचा चेंडू

चांगला मास्तर मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याची वाट लावण्यात माझाही हात होता. पेन्शनीत बसलेली माणसं आठवणी सांगताना स्वतःला जरा बऱ्या उजेडात उभं करतात. मलाही ते जमलं असतं. पण हसन मास्तरांविषयी बोलायचं तर ती सोय नाही.

शेख हसन हे त्यांचं नाव. गाव समोर हसन मास्तर म्हणायचं आणि पाठ वळली की हसन खरादी. खरादी म्हणजे लाकूड कातणारे. मालेगावात, म्हणजे आमच्याकडच्या लहान मालेगावात, त्यांच्या घरी खाटेचे पाय, लाटणी, पाळण्याचे दांडे, पोरांचे भोवरे असं सगळं कातलं जायचं. बाप गेल्यावर ते काम थोरल्या भावाकडे गेलं आणि धाकटा हा मराठी फायनल पास होऊन मास्तर झाला. आमचं गाव मालेगाव-मेडशी वाटेपासून कोसभर आत. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांची नातवंडं मला रस्त्यात नमस्कार करतात, आणि म्हातारपणी मला भांडणं नकोत.

शाळा तीन खोल्यांची, पुढे ओटा. हेडमास्तर वरचे वर्ग घेत, मी पहिली-दुसरी घेत असे, आणि नव्याने आलेल्या हसन मास्तरांच्या गळ्यात कच्ची पहिली पडली. कच्ची पहिली म्हणजे पाच-सहा वर्षांची शेंबडी पोरं. कोणालाच ती नको असायची. माझी खोली आणि त्यांची खोली यांच्यात नुसता बांबूच्या तट्ट्याचा आडोसा होता. माझं शिकवणं म्हणजे घोकून घेणं. सगळा वर्ग एका सुरात पाढे म्हणायचा, चुकला त्याला छडी. मला त्याचा अभिमान होता. माझा वर्ग गावभर ऐकू जातो असं लोक म्हणत, आणि मी ते कौतुक समजत असे.

हसन मास्तरांचा पहिला दिवस लक्षात राहिला तो आवाजामुळे. मी तेराचा पाढा घेत होतो. तट्ट्यापलीकडून काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला, मग खडखडाट, आणि मग वीसेक पोरांचा एकच ओरडा. मी तट्ट्याच्या फटीला डोळा लावला. सारवलेल्या जमिनीवर हा माणूस पोरांमध्ये मांडी घालून बसलेला. दाराशी वीतभर उंचीचे नऊ लाकडी गडी उभे केलेले, म्हणजे थोडे उभे, थोडे आडवे. भावाच्या कामात फसलेले खाटेचे पाय त्यांनी कापून, घासून आणले होते. एका पोराच्या हातात चिंध्यांचा घट्ट बांधलेला चेंडू.

"हे नऊ पाव्हने आपल्या घरी आले," ते सांगत होते. "चेंडू लागून जो पडला थो निजला. जो उभा थो जागा. आता मले सांगा, निजेल किती अन् जागे किती?"

मधल्या सुटीत मी त्यांना गाठलं. म्हटलं, "मास्तर, ही शाळा आहे. जत्रा नाही."

"बरोबर हाय तुमचं," ते म्हणाले. "आवाज लय झाला. उद्या खाली गोनपाट टाकतो."

खरंच टाकलं. लाकडाचा खडखडाट कमी झाला, पोरांचा ओरडा तेवढाच राहिला. माझ्या वर्गातली पोरं पाढे म्हणता म्हणता तट्ट्याकडे माना वळवू लागली, आणि मी त्या माना छडीने सरळ करू लागलो.

ते लाकडी गडी साधेच होते. रंग नाही, नाक-डोळे नाहीत. मी एकदा कुचेष्टेनं म्हटलं, निदान मिशा तरी काढा. तर म्हणाले, "चेहरा काढला का थो एकच मानूस होते, मास्तर. असाच राह्यला तर पोराच्या मनात येईन थो होते." आणि होतही होता. कोणाचा मामा, कोणाचा जावई, कोणाचा फौजदार. फौजदाराला पाडायला मात्र सगळ्यांना आवडायचं.

तीन महिने त्यांनी पोरांच्या हातात पाटी दिली नाही. हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा उत्तर ठरलेलं: "आधी हात. हात शाहाना झाला का डोकं मांगून येते." चेंडू कसा सोडतो यावरून ते पोराची परीक्षा करत. बोटं आखडून धरणारा, डोळे मिटून फेकणारा, दोन्ही हातांनी ढकलणारा. "फेकाचं नाई, बावा. सोडाचं," असं म्हणत ते पोराचं मनगट आपल्या तळव्यावर धरत आणि दोघं मिळून चेंडू सोडत. दिवाळीनंतर त्याच पोरांनी पाटीवर पहिली रेघ ओढली ती सरळ आली. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची तशी येत नव्हती. मी ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं ठरवलं.

खेळाचे कायदे त्यांनी असे बसवले होते की पोरांना कायदे वाटू नयेत. चेंडू सोडण्याआधी पोरानं मोठ्यानं सांगायचं, किती निजणार. मग सोडायचा. मग मोजायचं, किती निजले, किती जागे. जेवढे निजले तेवढे चिंचोके एका पत्र्याच्या डब्यातून उचलून आपल्यापुढे ठेवायचे. आपली पाळी येईस्तोवर चेंडूला हात लावायचा नाही. ज्यानं पाडले त्यानंच पुन्हा उभे करायचे, त्याशिवाय पुढच्याचा डाव नाही. आणि शाळा सुटताना सगळ्यांचे चिंचोके परत त्याच डब्यात. "हे कोनाचेच नाई. उद्या पुन्हा समद्याइले." डबा खडखडत भरायचा आणि पोरं घरी पळायची. मी हे रोज फटीतून पाहत होतो. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मी ते विसरलो.

पोराकडून चूक झाली की 'चुकलं' हा शब्द त्यांच्या तोंडून येत नसे. "अजून एक डाव," एवढंच. सबंध शाळेत हा एकच माणूस असा, की ज्याच्यासमोर पोरं चुकायला भीत नव्हती.

तेल्याचा एक पोरगा होता. भरती झाल्यापासून दीड महिना एक अक्षर बोलला नव्हता. चेंडू सोडायचा, चिंचोके बरोबर उचलायचा, पण तोंड बंद. मी म्हटलं, मुका आहे, नाव कमी करा. हसन मास्तर हसले. एक दिवस पोरानं चेंडू सोडला, गडी पडले, आणि मास्तरांनी स्वतःच मोजून टाकलं: "सा निजले." पोराचा चेहरा लाल झाला. "सात!" तो ओरडला. मास्तरांनी बोट लावून पुन्हा मोजलं, स्वतःचा कान पकडला आणि म्हणाले, "सातच हायत बावा. मायंच चुकलं." मला वाटलं, योगायोग. पुढे कधीतरी बोलता बोलता कळलं की हा माणूस तीन आठवडे रोज, त्या एका पोराच्या डावाला, मुद्दाम चुकीचं मोजत होता.

आता ओट्याचं सांगतो. महारवाड्यातली चार पोरं पटावर होती आणि ती आत बसत नसत. दाराबाहेर ओट्यावर बसायची. हे हसन मास्तरांनी ठरवलं नव्हतं, मीही नाही; आम्ही आलो तेव्हा ते तसंच होतं आणि मला त्यात काही खटकतही नव्हतं. त्या चारांबरोबर एक पाचवी होती, तुळसा नावाची. सहा-सात वर्षांची, धाकट्या भावाला काखेत घेऊन यायची. भाऊ त्या चारांतलाच, वयाच्या मानानं काटकुळा; तो पटावर, ही नाही. तो रडला तर उचलायला म्हणून तिची माय तिला सोबत धाडायची.

हसन मास्तरांनी कोणाला आत बोलावलं नाही. ते भांडखोर नव्हते. त्यांनी फक्त पाहुण्यांची जागा बदलली. नऊही गडी बरोबर उंबरठ्याच्या आत, बोटभर अंतरावर मांडले. आतली पोरं मागच्या भिंतीपासून चेंडू सोडत, ओट्यावरची पोरं ओट्याच्या टोकापासून. गडी मधे. उभे करायला आतून हात पुरे, बाहेरूनही पुरे. चेंडू मात्र आतून बाहेर आणि बाहेरून आत दिवसभर फिरत राहिला.

पंधरा दिवसांत बोंब झाली. गावचे देशमुख स्वतः शाळेत आले. त्यांचा नातू बापू कच्च्या पहिलीत होता. सोबत पंचांग सांगणारे भटजी. हेडमास्तर हात जोडून उभे.

"मास्तर," देशमुख म्हणाले, "तुमचा थो चिंध्याइचा चेंडू महारवाड्यातून फिरून येते, अन् मंग आमचं पोट्टं थेच हात घेऊन सैपाकघरात जाते. हे कसं चालीन?"

हसन मास्तर अगदी नम्रपणे उभे होते. भटजींकडे वळून म्हणाले, "महाराज, मले शास्तर समजत नाई. इचारतो फक्त. सोवळ्यात तुमी काय नेसता?"

"धाबळी," भटजी म्हणाले. "लोकरीची."

"थे रोज धुता?"

"लोकरीला कशाला धुवायचं? लोकरीला विटाळ नसतो."

"मंग चेंडू लोकरीचा केला तर?"

भटजींनी देशमुखांकडे पाहिलं. मग देशमुखच मोठ्यानं हसले. भटजींना आपलंच वाक्य गिळता येईना. "तसा... लोकरीचा असला तर शास्त्राची हरकत नाही," ते म्हणाले. हेडमास्तरही हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला हसन मास्तर मनापासून आवडले.

धनगरांच्या तळावरून त्यांनी काळी लोकर आणली. मास्तरांच्या घरच्या बाईनं ती रिठ्याच्या पाण्यात घोळवून घोळवून घट्ट गोळा केला. तो चेंडू चिंध्यांच्या चेंडूपेक्षा जड होता आणि सरळ जायचा. पोरं खूश. हसन मास्तर तर इतके खूश की दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटले होते. त्यांची चूक झाली ती इथं. त्यांना वाटलं, लोकांना विटाळाची अडचण होती आणि ती आता मिटली. ते मालेगावच्या खरादी आळीत वाढलेले. लाकडात गाठ कुठे आहे ते त्यांना हात लावून कळे, आणि गावातली गाठ डोळ्यांसमोर असून कळली नाही.

देशमुखांनी हसून घेतलं, पण दुसऱ्या दिवसापासून बापूला खेळ बंद. घरून एक सतरंजीचा तुकडा आला, तो कोपऱ्यात अंथरला गेला, आणि बापू पाटी घेऊन त्यावर एकटा बसू लागला. पाढे घरी शिकवायला देशमुखांनी मलाच सांगितलं. मी रोज संध्याकाळी वाड्यावर जाऊन त्याला वीसपर्यंत पाढे घोकवले. पोरगं वाईट नव्हतं. चेंडू सुटला की पाटीवरचा त्याचा हात थांबायचा आणि ओठ हलायचे. किती पडणार ते तो मनात बोलत असावा. हसन मास्तरांनी एकदा त्याला नुसते गडी उभे करायला बोलावलं, तर तो उठला, दोन पावलं आला आणि परत जाऊन बसला. मला फटीतून ते दिसलं. पोराची दया आली. संध्याकाळी वाड्यावर गेलो आणि त्याच पोराला अठराचा पाढा अडला म्हणून दोन छड्या दिल्या.

माघात डेप्युटी साहेब तपासणीला आले. माझ्या वर्गात पाच मिनिटं थांबले. पोरांनी पाढे दणादण म्हटले. साहेबांनी मधेच एकाला थांबवलं आणि विचारलं, "सात आठे छप्पन म्हणजे काय रे?" पोरानं माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्यानंही. साहेब पलीकडे गेले.

कच्च्या पहिलीत ते तासभर बसले. बूट काढून गोणपाटावर बसले. चेंडू स्वतः एकदा सोडला, एकच पडला, पोरं खिदळली, साहेबही हसले. देशमुख पाहुणचारासाठी आलेले, ते दाराशी उभे. साहेबांचं लक्ष कोपऱ्यातल्या बापूकडे गेलं. चांगले कपडे, वेगळी बैठक. हुशार असेल म्हणून बोलावलं असावं.

"नऊ पाहुणे आले, चार निजले. जागे किती?"

बापू उभा राहिला. आजोबांकडे पाहिलं. आणि जे येत होतं ते सुरू केलं, "चार एके चार, चार दुने आठ..."

"पाढा नाही, बाळ. जागे किती?"

बापूच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला. "पाच जागे."

साहेब वळले. काखेत भाऊ घेतलेली तुळसा उभी होती. "आणि त्या निजलेल्यांतले दोघे उठले तर?"

"मंग सात जागे अन् दोन निजेल," ती म्हणाली. आणि कोणी न विचारता पुढे म्हणाली, "अन् समदेच उठले तर निजेल कोनीच नाई."

साहेबांनी हजेरीबुक मागवलं. तुळसाचं नाव नव्हतं. "उद्या हिचं नाव पटावर घ्या," ते हेडमास्तरांना म्हणाले. शेरेबुकात त्यांनी लिहिलं की कच्ची पहिली या तालुक्यात पाहिलेल्यांत उत्तम. माझ्या वर्गाबद्दल एकच ओळ: मुले अर्थ न समजता घोकतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी हसन मास्तरांनी तुळसाचं नाव स्वतःच्या अक्षरात पटावर लिहिलं. ठळक, देखणं अक्षर. मला येऊन दाखवलं. "पाहा मास्तर, पोरगी आली बुकात," म्हणाले. त्यांना वाटलं मला आनंद होईल. माझ्या डोक्यात साहेबांची ती एक ओळ फिरत होती. मी "बरं" म्हणालो आणि पान उलटलं. मत्सर ही काय चीज आहे ते मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं असं म्हणणार नाही, पण तिची चव इतकी स्वच्छ कधी लागली नव्हती.

होळीच्या आधी वर अर्ज गेला. त्यात विटाळाचा शब्द नव्हता. विटाळाची वाट हसन मास्तरांनी भटजींच्याच तोंडून बंद केली होती. अर्जात लिहिलं होतं की मास्तर लहान पोरांना जुगार शिकवतो. पोरं आधी आकडा बोलतात, डाव टाकतात, जिंकलेला माल पुढ्यात घेतात. खाली सह्या आणि अंगठे. अंगठ्यांत तेल्याचाही होता, ज्याच्या पोराला हसन मास्तरांनी बोलतं केलं होतं. देशमुखांनी कागद पुढे केल्यावर तो बिचारा काय करणार, असं मी तेव्हा म्हणत असे. हल्ली म्हणत नाही.

चौकशीला वरून एक गृहस्थ आले. आदल्या दिवशी हेडमास्तर मला म्हणाले, "तुम्हाला खोटं बोलायला कोणी सांगत नाही. शेजारची खोली तुमची आहे. दिसलं तेवढं सांगा, विचारलं त्याचं उत्तर द्या."

हेडमास्तरांच्या खोलीत मला खुर्ची दिली होती. हसन मास्तर भिंतीशी उभे होते.

"या खेळात डाव असतात?"

"असतात."

"पोरं आधी आकडा बोलतात?"

"बोलतात."

"हार-जीत असते?"

"असते."

"जिंकणाऱ्याला काही मिळतं?"

"चिंचोके मिळतात," मी म्हणालो.

गृहस्थ लिहीत होते. त्यांनी मान वर करून विचारलं, "आणखी काही सांगायचं आहे?"

शाळा सुटताना सगळे चिंचोके एका डब्यात परत जातात, कोणाच्या घरी एकही जात नाही, हे एक वाक्य. तेवढं बोललो असतो तर जुगाराची बातच राहिली नसती. हसन मास्तर माझ्याकडे बघत होते. त्यांना खात्री होती की मी ते बोलणार. मी म्हणालो, "नाही."

ते स्वतः बोलले. डब्याचं सांगितलं. गृहस्थांनी लेखणी खाली ठेवून ऐकलं, आणि आपल्या बचावाचं माणूस बोलणारच, अशा अर्थानं मान हलवली. शेजारच्या मास्तराच्या तोंडून आलं असतं तर ते कागदावर गेलं असतं.

आठवड्याभरात बदलीचा हुकूम आला, अनसिंगच्या पलीकडे एका खेड्यात. सर्व्हिसबुकात ताकीद. लाकडी गडी आणि चेंडू हेडमास्तरांच्या कपाटात गेले. पुढे ते कपाटातूनही गेले. दोन गडी हेडमास्तरांच्या घरच्या खिडकीला अडसर म्हणून मी पाहिले, बाकीचे बंबात गेले असतील.

जायच्या दिवशी हसन मास्तर माझ्या वर्गात आले. पोरं उभी राहिली. ते दारातच थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, तुमी खोटं नाई बोलले. मी ऐकत होतो." एवढंच. त्यांनी शिवी दिली असती तर मी आजवर ती परत करत बसलो असतो. बैलांच्या रेंगीत एक ट्रंक आणि एक वळकटी टाकून ते गेले.

कच्ची पहिली माझ्याकडे आली. मी दोन्ही वर्गांमधला तट्टा काढला आणि सगळ्यांना एकत्र घोकायला बसवलं. तुळसा दुसऱ्या दिवशी आली. नाव पटावर लागल्यापासून तिची माय तिला धुतलेल्या लुगड्याचं फडकं नेसवून धाडायची. ओट्यावर बसून ती बराच वेळ दारातल्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. मग मला विचारलं, "मास्तर, पाव्हने कुठी गेले?"

"गप बस," मी ओरडलो. पाढा चालू होता.

"कवा येतीन?"

मी छडी उगारली. मारली नाही, नुसती उगारली. तिच्या काखेतला भाऊ भ्याला आणि मोठ्यानं रडू लागला. ती त्याला घेऊन ओट्यावरून उतरली, उतरल्यावर एकदा वळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी दोघंही आली नाहीत. मी हजेरीबुकात रोज दोघांपुढे गैरहजर लिहिलं, आणि नियमाप्रमाणे दिवस भरल्यावर दोन्ही नावं माझ्या हातानं कमी केली. पुढे ती मला गावच्या गायरानात शेण वेचताना दिसायची. मला पाहिलं की वाट सोडून उभी राहायची. ती मनात काही मोजत असेल का, असं एकदा वाटलं. विचारायचं धाडस झालं नाही.

पाच-सहा वर्षांनी एका लग्नासाठी अनसिंगला गेलो. तिथून हसन मास्तरांचं खेडं तीन कोस. लग्न आटोपल्यावर पायी निघालो. मनाशी ठरवलं होतं, त्या दिवशी खुर्चीत बसून जे बोललो नाही ते आता त्यांच्यासमोर बोलायचं. तीन कोस ते वाक्य घोळवत गेलो. काय म्हणतील, रागावतील का, की नेहमीसारखं हसून उडवतील, सगळं मनात बोलून झालं.

गावाच्या अलीकडेच शाळेचा आवाज ऐकू आला. तीस-चाळीस पोरं एका सुरात पाढा म्हणत होती. मला वाटलं, इथं दुसराही मास्तर असावा. पण शाळा एकाच खोलीची होती. दाराजवळ जाऊन पाहिलं तर पोरं ओळीनं ताठ बसलेली, चिमुरडी सगळी, आणि त्यांच्यासमोर हसन मास्तर. दाढी पांढरी झालेली, हातात निंबाची छडी. दुसऱ्या ओळीतल्या एका पोराचा आकडा चुकला. मास्तरांनी पाढा थांबवला नाही, नुसती छडीनं खूण केली. पोरानं हात पुढे केला. दोन बसल्या. पोरगं रडलं नाही, हात काखेत घालून पुन्हा सुरात सामील झालं. त्याला सवय होती.

त्यांनी मला पाहिलं आणि बाहेर आले. "या मास्तर! कवा आले? पानी प्या." डेऱ्यातून तांब्या भरून दिला. घरची, मालेगावची, भावाची विचारपूस झाली. माझं लक्ष त्यांच्या हाताकडे होतं.

"मास्तर, हे..." मी म्हणालो. "तुम्ही?"

त्यांनी छडीकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. पिकपाण्याचं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. "तुमच्या शेजारी एक साल काढलं ना मी. तट्ट्यापल्याडून समदं आयकलं होतं. आता तसंच शिकवतो. साहेब खूश हायत. कोनाचा अर्ज येत नाई."

घोळवत आणलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं. मी ते पाण्याबरोबर गिळलं.

आत पोरं थांबली होती. हसन मास्तरांनी मागे न वळता आवाज चढवला, "काहून थांबले?"

पोरं एकदम सुरू झाली. मी रामराम केला आणि निघालो. फाट्यापर्यंत मला ते ऐकू येत होतं.